तीन साक्षींचा बर्फ

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीतल्या कोणीही बर्फ पडताना पाहिलेला नाही, असा माझा समज होता. आमची ओळख फ्रीजमधल्या बर्फाशी, फार तर सरबतातल्या. त्यामुळे 'बर्फ'चं पान माझ्याकडे आलं तेव्हा मला कुरकुरायला निमित्तच मिळालं. तसं मला निमित्त लागत नाही, असं बायकोचं मत आहे.

शब्दाचं मूळ लावणं अवघड नव्हतं. 'बर्फ' फारसीतून आला, 'हिम' संस्कृतातून, आणि त्या हिमाचं लोकांनी बोलून बोलून 'हिंव' केलं. त्यातून हिवाळा आला, हिवताप आला. बर्फ न पाहिलेल्यांनीही त्याची थंडी तेवढी ठेवून घेतली. घोडं अडलं ते अर्थांवर. गोठलेलं पाणी तोही बर्फ आणि आभाळातून भुरभुरतो तोही बर्फ. लोक एकच शब्द वापरतात तर आपण कशाला डोकं फोडायचं, असं संपादकांचं म्हणणं पडलं. कार्डं काय सांगतात ते बघतो, असं मी म्हणालो.

कार्डं म्हणजे आमचा देव. कोणी नवा शब्द ऐकला की एका कार्डावर शब्द, त्याचं वाक्य, कोणाकडून ऐकला, कुठे, कधी, आणि खाली नोंद करणाऱ्याचं नाव. तीन वेगवेगळ्या माणसांची तीन कार्डं जमल्याशिवाय शब्द कोशात जात नाही. हा नियम माझ्या वडिलांनी घातला. ते इथेच सव्वीस वर्षं होते. कचेरीत त्यांना 'मोठे' म्हणत आणि मला बावन्नाव्या वर्षीही 'धाकटे' म्हणतात. त्यांच्या हातची अठरा हजार कार्डं कपाटात आहेत. अक्षर मोत्यासारखं, पहिल्या कार्डापासून शेवटच्या कार्डापर्यंत एकसारखं. घरी अखेरची काही वर्षं त्यांच्या हातात कपबशी नुसती खुळखुळायची, पण कार्डावर एक रेघ वाकडी नाही. हे मी नव्या माणसांना नेहमी सांगायचो, अभिमानाने.

तर 'बर्फ'च्या खणात मला 'अधरी' सापडली. अर्थ लिहिला होता : 'जमिनीला टेकण्याआधीच विरून जाणारा बर्फ.' वाक्य होतं : 'अधरी पडतेय, अजून शेरडं आत घ्यायला नकोत.' तीन कार्डं. एक दूरच्या शाळामास्तरांचं, एक तिकडच्याच नर्सबाईंचं आणि एक मोठ्यांचं. मास्तर आणि नर्सबाई पोस्टाने शब्द पाठवायचे आणि मोठे ते कार्डावर उतरवून घ्यायचे. आता दोघंही हयात नाहीत.

माझ्या मनात पाल चुकचुकली. शब्द फार छान होता, हेच मला खटकलं. खरे शब्द वापरून मळलेले असतात, कडेला कुठेतरी झिजलेले असतात. हा कोणीतरी बसून घडवल्यासारखा, एखाद्या कवीला हवा तसा. आणि तीन साक्षी अगदी मोजून तीन, त्यातला एकही जिवंत नाही.

दोन दिवस मी ती तीन कार्डं उलटसुलट करत बसलो. तिसऱ्या दिवशी ती उजेडासमोर धरली आणि खालचं भोक दिसलं. आमच्या खणांत कार्डं पडू नयेत म्हणून तळाशी एक सळई असते, ती कार्डांच्या भोकातून जाते. हे सळईचे खण आले वडील गेल्यानंतर सहा वर्षांनी. तेव्हा सगळ्या जुन्या कार्डांना हाताने भोकं पाडली. ती वेडीवाकडी, कडा फाटलेली. नवी कार्डं मात्र छापखान्यातूनच गोल, स्वच्छ भोक पाडून येतात. या तिन्ही कार्डांची भोकं गोल आणि स्वच्छ होती. त्यावर तारीख एकतीस वर्षांपूर्वीची.

म्हणजे मेलेल्या माणसाच्या नावाने कोणीतरी कार्ड लिहिलं होतं, आणि तो मेलेला माणूस माझा बाप होता. माझं डोकं असं तापलं की संपादकांना त्याच क्षणी सांगणार होतो. पण पान गुरुवारी दुपारी छापायला जायचं होतं आणि संपादकांना आधी चोर हवा असतो, मग चोरी.

चोर शोधायला लांब जावं लागलं नाही. कार्डांना हात लागतो तो एकाच माणसाचा. कपाटं सांभाळणाऱ्या मावशी. चौतीस वर्षं त्या कार्डं लावतात. कोणता शब्द कुठल्या खणात, ते डोळे मिटून सांगतील. निवृत्तीला आठ महिने राहिलेले. खोटं कार्ड सिद्ध झालं तर त्याच दिवशी घरी, असा नियम आहे. तोही मोठ्यांचाच.

मी सापळा लावला. बुधवारी दुपारी सगळे जेवायला गेले असताना कपाटांच्या खोलीत गेलो, एक कोरं कार्ड आणि पेन त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हणालो, मावशी, मी सांगतो ते जरा लिहा, माझा हात दुखतोय. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा माझा हा प्रयत्न त्यांनी एका नजरेत ओळखला असावा. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. मी वाक्य सांगितलं, 'अधरी पडतेय, अजून शेरडं आत घ्यायला नकोत.' त्यांनी जरासुद्धा न अडखळता लिहिलं.

कार्डावर माझ्या वडिलांचं अक्षर उमटलं होतं.

मला वाटलं होतं, अक्षर चोरलेलं असलं तर कुठेतरी ओढूनताणून दिसेल. तसं काहीच नव्हतं. हात सरळ चालला होता, जसा माणूस आपल्या अक्षरात चालतो.

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं.

"त्यांच्याच कार्डांवरून. इथे आले तेव्हा मला सही करण्यापुरतंच लिहिता येत होतं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "त्यांच्या शेवटच्या चार वर्षांतलं कोणतंही कार्ड काढा, धाकटे. ते सांगायचे, मी लिहायचे."

मी एक खण ओढला, मग दुसरा. सगळीकडे तेच मोत्यासारखं अक्षर. आणि मला घरातली ती खुळखुळणारी कपबशी ऐकू आली. कपबशी आणि कार्ड, दोन्ही मी रोज पाहत होतो. शेजारी ठेवून कधी पाहिली नव्हती. आयुष्यभर साऱ्या जगावर संशय घेतला, घरातल्यावर तेवढा घ्यायचा राहिला. मला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला.

पण राग आला म्हणून शब्द खरा होत नाही. मी विचारलं, शब्द कुठून आणला. त्या म्हणाल्या, वरच्या डोंगरातल्या गावातून, त्यांच्या माहेरून. हिवाळ्यात तिथे आधी अधरी यायची. तोंड वर करून उभं राहिलं तर गालाला गार लागायची आणि जमीन मात्र कोरडी. मग खरा बर्फ यायचा. तेव्हा शेरडं आत. शब्द म्हणजे तिथे वेळ सांगायचं घड्याळ होतं. मी खोदून खोदून विचारलं, आई कशी म्हणायची, मुलं कशी म्हणायची. त्या थकून म्हणाल्या की मुलं 'आधरी' म्हणत आणि आई रागावत असे. शब्दाची झिजलेली कड मला तिथे सापडली. बसून घडवणाऱ्याला ही कड सुचत नाही.

"मग मोठ्यांना तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. म्हणाले, तू कपाटवाली, तुझं कार्ड चालणार नाही. तीन माणसांकडून लिहून आण. तेव्हा वर पाच घरं होती. आई होती, आत्या होती. मी रजा मागितली."

"मग?"

"नाही मिळाली. पुढच्या वर्षी मागितली, तेव्हाही नाही. चार वर्षं मागितली." त्या कार्डाच्या कडेवरून बोट फिरवत होत्या. "मी गेले असते तर त्यांची कार्डं कोणी लिहिली असती? पाचव्या वर्षी ते गेले. रजा मिळाली तेव्हा वर कुलपं होती."

जेवून परतणाऱ्यांचे जिन्यावर पाय वाजले. मी ती तीन खोटी कार्डं सळईतून काढली आणि त्यांच्यासमोर फाडली. त्या कपाटाचं दार लावायला वाकल्या, कारण दार उघडं राहिलेलं त्यांना खपत नाही. आता शब्दही गेला आणि नोकरीही, असंच त्यांना वाटलं असणार.

मी आस्थापनेच्या खोलीत जाऊन धूळ खात पडलेल्या जुन्या रजेच्या फायली काढल्या. मावशींवर विश्वास ठेवायला मी अजून तयार नव्हतो, हे कबूल करतो. चारही अर्ज होते. कारणाच्या जागी 'गावी जाणे, शब्दाच्या कामासाठी'. खाली 'नामंजूर'. आणि त्या एका शब्दाचं अक्षर थरथरत होतं, टेकवलेल्या पेनाचा डाग पडेपर्यंत थरथरत होतं. तेवढं मात्र मोठ्यांना स्वतः लिहावं लागलं होतं.

गुरुवारी सकाळी मी मावशींना बोलावलं आणि नवं कार्ड पुढे केलं. शब्द, अर्थ, वाक्य त्यांनी लिहिलं. नोंद करणाऱ्याच्या रकान्याशी हात थांबला. तुमचं नाव लिहा, मी म्हणालो. त्या अक्षरात त्यांनी कधी स्वतःचं नाव लिहिलं नव्हतं. दोनदा खोडावं लागलं.

संपादकांनी अपेक्षेप्रमाणे कपाळाला हात लावला. एकच साक्ष, तीही कपाटवालीची, कोणत्या नियमात बसवणार? मी म्हणालो, कोशात तसं स्पष्ट छापू, 'एकाच साक्षीवरून', खोटं काही नाही. ठीक आहे, पण बाकीच्या दोन साक्षी का नाहीत याचं कारण कार्डावर हवं, नाहीतर मी सही करणार नाही, असं ते म्हणाले.

कार्डाच्या तळाशी शेऱ्याचा रकाना असतो. मी पेन घेतलं आणि लिहिलं : 'साक्षीदार हयात असताना नोंद करणारीस चार वेळा रजा नाकारली गेली. नाकारणारे, माझे वडील.'