पाखऱ्याचा ताबा

"त्याला ढकलू नका हो! ढकलला तं तो अजून अडतो," सगुणा गर्दीतून वाट काढत ओरडली. पण तिचं ऐकायला कुणाला फुरसत नव्हती.

मानपाड्याच्या मागे, गोदामांची रांग संपते तिथल्या पत्र्याच्या शेडसमोर पोलिसांची गाडी लागली होती. तिच्यामागे टेम्पो, टेम्पोला टेकवलेली फळी, आणि फळीच्या तोंडाशी पुढचे पाय रोवून उभा असलेला पाखऱ्या. मुलीचं, कृतिकाचं, पोटाचं ऑपरेशन झालं म्हणून सगुणा गणपतीपासून वर्तकनगरला तिच्याकडे राहिली होती. आज परत येताना नाक्यावरच कुणीतरी सांगितलं, "काकी, तुमचा बैल पोलीस नेतान." ती घरी न जाता रिक्षा वळवून तशीच इथे आली होती. कपड्यांची पिशवी अजून काखेतच होती.

जवळ गेल्यावर मात्र तिचे पाय थबकले. हा पाखऱ्या? ढुंगणाची हाडं वर आलेली, बरगड्यांवर कातडी नुसती टांगल्यासारखी. वेसणीच्या भोकातून पू वाहत होता. आणि शेपटीखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूला, काळे काळे गोल डाग. सरकारी डॉक्टर एकेका डागावर बोट ठेवून सांगत होते आणि शीला नावाची पोलीसबाई पंचनाम्यात उतरवून घेत होती. "शॉकच्या मशीनचे," डॉक्टर म्हणाले. "जुने पण आहेत, नवे पण."

सगुणाचा मुलगा दिपेश गाडीला टेकून मोबाइलमध्ये डोकं घालून उभा होता. आईकडे त्याने पाहिलं नाही.

"मालक कोण?" शीलाने विचारलं.

"मीच," दिपेश म्हणाला.

डॉक्टरांनी पाखऱ्याच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा नंबर मोबाइलवर टाकला. "इथे सगुणा धाकू मढवी असं नाव येतंय."

"ती मी," सगुणा म्हणाली. लशीवाले बिल्ला मारायला आले तेव्हा गोठ्यात तीच होती, म्हणून तिचंच नाव लागलं होतं.

"म्हणजे मालक तुम्ही, मावशी. जनावराच्या छळाच्या गुन्ह्यात आरोपी तुमचा मुलगा. आणि बैल आता मुद्देमाल."

"मुद्देमाल म्हंजी?"

"चोरीची चेन सापडली तर कोर्ट सांगेपर्यंत ती जशी आमच्या ताब्यात राहते ना, तसं. फक्त ह्याला कपाटात ठेवता येत नाही. म्हणून गोशाळेत."

दोघा हमालांनी पुन्हा मागून रेटा दिला. पाखऱ्याचे खूर फळीवर घसरले आणि तो गुडघ्यावर आला. सगुणाने पिशवी खाली टाकली, पुढे जाऊन त्याच्या गळ्याखाली हात घातला आणि स्वतः फळीवर चढली. तिच्यामागून पाखऱ्या गपचूप टेम्पोत चढला. ती खाली उतरल्यावर टेम्पोचा फाळका बंद झाला. जमलेल्या पोरांनी तेवढ्यात व्हिडिओ काढून घेतला होता.

पाखऱ्या जन्मला तेव्हा मढव्यांच्या दारात गोठा होता. शेती केव्हाच गेली होती. काही कारखान्यांत गेली, उरलेल्या तुकड्यावर बिल्डरने टॉवर उभा केला आणि त्यांना त्यात घरं मिळाली. सगुणाने एक गाय मात्र हट्टाने ठेवली होती, तिचंच हे शेवटचं वासरू. गाय विताना गेली आणि सगुणाने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं. पुढे दिपेशने त्याला बैलगाड्यांच्या शर्यतीला काढला. धाकूने तरण्या वयात गाड्या पळवल्या होत्या, त्यामुळे बापालाही आनंद झाला. बदलापूरच्या मैदानात पाखऱ्याची जोडी पहिली आली त्या दिवशी दिपेशला लोकांनी खांद्यावर घेतलं. टॉवरच्या भाड्यावर जगणाऱ्या, हाताला काम नसलेल्या पोराला त्या दिवशी पहिल्यांदा गावाने नावाने ओळखलं. त्याने बैलाला अंडी खाऊ घातली, बदाम खाऊ घातले, त्याच्या नावाची टीशर्टं छापली. सगुणालाही त्याचं कौतुकच होतं.

मग सोसायटीवाल्यांनी कुरकुर केली आणि दारातला गोठा मोडला. पाखऱ्या गोदामामागच्या शेडमध्ये गेला. तिथवर चालत जाणं सगुणाच्या गुडघ्यांना झेपेना. "कसा हाय रं?" असं तिने विचारलं की दिपेश म्हणायचा, "एकदम टकाटक." त्याच सुमारास पाखऱ्याचा पुढचा पाय लचकला होता आणि तो हरायला लागला होता. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काळजीचं कारण नाही," वकील म्हणाला. सिद्धेश त्याचं नाव, कल्याण कोर्टाजवळ त्याचं ऑफिस होतं. समोर धाकू, दिपेश आणि सगुणा बसले होते. "खटला चालेल तेव्हा चालेल. तोवर बैल गोशाळेत ठेवायचा की मालकाला द्यायचा, ते कोर्ट ठरवतं. मालक काकी आहेत, त्यांच्यावर गुन्हा नाही. त्यांच्या नावाने ताबा अर्ज टाकू. जज मॅडमनी विचारलं तर काकींनी एवढंच म्हणायचं, घरचं जनावर आहे, मी सांभाळीन."

"आनि नाय दिला तं?" धाकूने विचारलं.

"गुन्हा शाबीत झाला आणि कोर्टाला वाटलं की परत दिल्यावर पुन्हा हाल होतील, तर मालकीच जाते. बैल सरकारजमा."

धाकू खुर्चीतून अर्धा उठला. "जमीन सरकारनी झेतली, आता बैल पन झेतान कं?"

"म्हणून तर अर्ज करायचा, काका."

"सीझन चालू होतोय," दिपेश मध्येच म्हणाला. "पाय बरा झाला असंल त्याचा."

सगुणाने त्याच्याकडे पाहिलं. तो वकिलाशी बोलत होता.

त्या दिवसापासून तिला एका जागी बसवेना. सकाळी उठून ती गॅलरी झाडायची, चहा टाकायची, तो गाळायचा राहायचा आणि ती पुन्हा गॅलरीत जायची. दुपारी लिफ्टने खाली उतरून गोठ्याच्या जागेवर जायची. तिथे आता मोटारी लागत. वॉचमन विचारायचा, "काय पाहिजे काकी?" काय सांगणार? ती दोन गाड्यांमधून फेरी मारून वर यायची. धाकू टीव्हीपुढून ओरडायचा, "जरा बस गो! पायाला भिंगरी बांधलीस कं?" ती बसायची आणि लगेच उठायची. शेवटी तिने दिपेशला सांगितलं, "मना त्याला बघायचाय. आताच्या आता चल."

गोशाळा टिटवाळ्याच्या पलीकडे, एका टेकडीच्या पायथ्याशी होती. तिथल्या पंढरी नावाच्या माणसाने त्यांना आत नेलं. कुंपणाच्या आत सावलीत पाखऱ्या उभा होता. अंगावर थोडं मांस धरलं होतं, वेसण काढून टाकलेली, नाकाला जांभळं औषध. सगुणाने हाक दिली तसा त्याने कान उभे केले आणि लंगडत लंगडत कुंपणापाशी आला. तिने मानेवर हात ठेवला, गळ्याखालची लोंबती पोळी खाजवली. त्याने तोंड तिच्या खांद्यावर टाकलं आणि मोठा सुस्कारा सोडला. तिच्या पदराला लाळ लागली.

"वळखला बघा तुम्हाला," पंढरी हसून म्हणाला.

"बघायला का नाय आलो आपन त्याला इतके दिवस!" दिपेशलाही भरून आलं होतं. तो पुढे आला. डोळ्यांवर ऊन येत होतं, म्हणून त्याने हात वर केला, एवढंच.

पाखऱ्याने मान खाली घातली. तो पळाला नाही, मागे सरला नाही, शिंगंही उगारली नाहीत. त्याने डोळे गच्च मिटून घेतले, चारी पाय जवळ ओढले आणि तसाच उभा राहिला. मांड्यांची कातडी तेवढी थरथरत होती. मग उभ्या उभ्या त्याच्या पायांवरून मूत वाहू लागलं.

दिपेशचा हात कपाळाशी तसाच राहिला. पंढरीने दुसरीकडे पाहिलं. सगुणाला वाटलं, आपल्याच पाठीत कुणीतरी काहीतरी खुपसतंय. "चल," ती म्हणाली. पाखऱ्याने डोळे उघडायच्या आत ती दिपेशच्या दंडाला धरून त्याला बाहेर घेऊन आली.

परतीच्या वाटेवर बाइक बरीच पुढे आल्यावर दिपेश म्हणाला, "आई, सगलेच लावतात मशीन. मी एकलाच नाय."

तिने बाइकच्या मागच्या दांडीला घट्ट धरलं.

"जिंकत व्हता तवा कोन नाय बोल्लं. लोक माझ्या पाया पडत व्हते."

"गारी हलू चालव," ती म्हणाली.

घरी धाकूने तिचा चेहरा बघितला आणि त्याला काय ते कळलं. बत्तीस वर्षांचा संसार होता. जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "घरातला मानूस घराच्या विरुद्ध बोलत नाय, सगुने. पोराची केस हाय."

"मी कुठं काय बोलतंय?"

"नाय बोलत, पन तुजा तोंड सांगतंय."

तिने त्याला भात वाढला. शितं ताटाबाहेर पडली. ती तिने एकेक करून वेचून घेतली.

कोर्टाच्या दिवशी कल्याणला पोचायला उशीर होईल म्हणून तिने सगळ्यांना फार लवकर उठवलं, आणि मग पुकारा होईपर्यंत कॉरिडॉरमध्ये नुसत्या येरझाऱ्या घातल्या. शीला तिथेच बाकावर होती. "मावशी, बसा की," म्हणत ती सरकून बसली. सगुणा टेकली आणि पुन्हा उठली.

आत न्यायाधीशबाई तरुण होत्या. सिद्धेश वकिलाने भराभर सांगितलं: गोपालक कुटुंब, जनावरावर जीव, मालक स्वतः हजर आहेत. सरकारी वकिलांनी डॉक्टरांचा अहवाल वाचला. डाग, पू, खुरांतली जखम असं एकेक ते वाचत होते आणि सगुणा मान हलवत होती, जणू कुणी तिच्याशीच बोलतंय.

"सगुणा मढवी," न्यायाधीशबाईंनी तिला पुढे बोलावलं. "बैल परत दिला तर त्याचं कोण बघणार?"

"मीच बघीन, बाय," सगुणा म्हणाली. मागे सिद्धेशने सुटकेचा श्वास टाकला. "पन मी झोपल्यावं कोन बघल?"

कोर्टात कुजबुज झाली. धाकू मागून "सगुने!" म्हणाला आणि शिपायाने त्याला गप्प केलं.

"नीट सांगा. तुम्हाला काय म्हणायचं आहे?"

सगुणाने कठड्याला दोन्ही हातांनी धरलं. ह्या आधी ती इतक्या लोकांसमोर कधी बोलली नव्हती. "माझा पोरगा वाईट नाय. त्याला हरायचा म्हायत नाय. बैल घरी आला का तो आठ दिस त्याला गोंजारल, मंग सीझन येल. मी त्याला अडवू शकत नाय, तुमाला खोटं कशाला सांगू? तुमी बैल नका देव."

"मॅडम, माझ्या अशिलाला अर्ज समजलेला नाही..." सिद्धेश उठला.

"मना समाजलाय," सगुणा म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी सावकाश, शब्द सुटे करून सांगितलं, "बैल नकोच असेल तर मालकी सोडावी लागेल. आणि तुम्ही मालकी सोडलीत तर तो बैल परत तुमचा होणार नाही. पुढे मन बदललं तरी मागता येणार नाही. त्याचं काय करायचं ते गोशाळा ठरवेल. चालेल?"

"मना बघायला जाता येल?"

"इतर लोक जातात तसं. मालक म्हणून नाही."

"चालंल."

तिचा जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला. तिने सही केली. अक्षरं वाकडी आली. बाहेर आली तेव्हा कॉरिडॉरमध्ये धाकू नव्हता. दिपेश जिन्याशी उभा होता, डोळे लाल. "सगल्यांसमोर, आई," एवढंच बोलून तो खाली उतरला आणि बाइक काढून गेला. शीला तिच्याबरोबर रिक्षा स्टँडपर्यंत आली. सगुणा रिक्षात बसल्यावर तिने तिची पिशवी तेवढी आत ठेवली.

पुढे दिपेशने गुन्हा कबूल केला आणि किरकोळ दंडावर सुटला. शर्यतवाल्यांच्या ग्रुपवर मढव्यांच्या घराची टिंगल झाली. धाकू बरेच दिवस तिच्याशी कामापुरतं बोलायचा आणि मग विसरून पहिल्यासारखा बोलायला लागला. दिपेश मात्र बोलला नाही. आपलं ताट घेऊन गॅलरीत जेवायचा. पावसाळ्यात त्याने मानपाड्यालाच एका कारखान्याच्या माल वाहणाऱ्या टेम्पोवर ड्रायव्हरची नोकरी धरली. सकाळी टेम्पो घेऊन जायचा, संध्याकाळी मुकाट घेऊन यायचा. सगुणा कपडे वाळत घालताना वरून बघायची. टेम्पो मागे घेताना तो दोनदा उतरून मागे कुणी नाही ना, ते बघायचा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तो तिच्यासमोर बाइकची चावी हातात घेऊन उभा राहिला. "येतेस कं?" कुठे, ते त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिने पदर खोचला आणि मागे बसली.

गोशाळेच्या फाटकापासून बऱ्याच अलीकडे, रस्त्याच्या वळणावर त्याने इंजिन बंद केलं. "तू जा. मी हितंच थांबतंय," तो म्हणाला. फाटकाकडे पाठ करून तो बाइकवर बसून राहिला.

आत सुट्टीची गर्दी होती. माणसं पोराबाळांना घेऊन आली होती, गुरांना चारा घालत होती. पंढरी कुठे दिसला नाही. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली ऐश्वर्या नावाची कॉलेजची मुलगी लोकांना आत सोडत होती. तिने सगुणाच्या हातात गवताची जुडी दिली आणि कुंपणापाशी नेलं.

"आजी, हा भोला. ह्याला द्या. एकदम शांत आहे."

तो भरला होता. कातडी तुकतुकीत झाली होती, मांड्यांवरच्या डागांवर पांढरे केस आले होते. तो आपल्या नादात रवंथ करत उभा होता.

"भोला," सगुणाने एकदा म्हणून बघितलं.

तिने गवत मुठीत धरून पुढे केलं, तशी ती मुलगी लगबगीने जवळ आली. "असं नाही हं आजी. तळहात सपाट ठेवा, म्हणजे बोट दाताखाली येत नाही. घाबरू नका, काही करत नाही तो."

"बरं," सगुणा म्हणाली, आणि तिने सांगितलं तसा हात सपाट केला.