गुंडाळलेलं घरटं

नोव्हेंबर लागला की आमच्या ब्रुकलिनच्या गल्लीत सगळ्या परसांत एकच काम निघायचं. अंजिरं गुंडाळायची. इटलीतल्या आमच्या कालाब्रियाच्या उन्हातून आलेलं झाड ते, त्याला बर्फ काय ठाऊक! फांद्या सुतळीने करकचून बांधायच्या, त्यावर जुने कोट, फाटकी रजई, वरून ताडपत्री, आणि आत पाणी जाऊ नये म्हणून शेंड्यावर पालथी बादली. बर्फ पडला की प्रत्येक परसात एक लठ्ठ म्हातारी टोपी घालून उभी आहे असं वाटायचं. आता त्या गल्लीत आमच्यातलं कुणी राहत नाही. अंजिरंही गेली. नोव्हेंबर आला की मला मात्र अजून चुकल्यासारखं होतं.

माझे पप्पा, गायतानो, गवंडी होते. गुंडाळण्यात त्यांचा हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. थंडीवर त्यांच्याकडे एकच औषध. झाड असो, नळ असो की माणूस, गुंडाळा. मी शिवणाच्या कारखान्यात कमावती झाले होते, तरी सकाळी दारात माझा मफलर तपासल्याशिवाय सोडायचे नाहीत. ओल्या केसांनी कुणी दार उघडलं, तर घरात सुतक आल्यासारखा चेहरा करायचे.

त्या वर्षी मम्माला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलातून ती बरी होऊन आली, पण घरी आमचे पप्पा होते. त्यांनी तिला मागच्या खोलीत खिडकीशी बसवलं, खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या, अंगावर दोन शाली आणि पायांवर रजई टाकली.

"संत जोसेफच्या सणाला अंजीर उघडतो, त्याच दिवशी तूही बाहेर," त्यांनी जाहीर केलं. तो सण मार्चात.

"पप्पा, डॉक्टर म्हणाले तिला चालवा, जरा हवा लागू दे," मी म्हटलं.

"डॉक्टर आयरिश आहे. त्याला वाऱ्याचं काय कळतं?"

झालं, विषय संपला. माझी मम्मा फोर्तुनाता कुंपणापलीकडच्या तेरेझीनामावशीशी रोज एकदा भांडल्याशिवाय न जेवणारी बाई. ती गप्प झाली. सूपची वाटी अर्धी परत येऊ लागली, मग तशीच भरलेली. ही आता जाते, असं मला वाटायला लागलं. पप्पांनाही वाटत असणार, कारण त्यांनी तिसरी शाल आणली.

आणि डिसेंबरातल्या एका सकाळी आतून तिची हाक आली, पूर्वीसारखी खणखणीत. "रोझारिया! अगं ये लवकर, मेली उडून जातील!"

परसाच्या टोकाला पाइनचं झाड होतं. त्यावर पोपट बसले होते. हिरवेगार, राखाडी छातीचे, आणि खाली सगळा बर्फ. विमानतळावर पेटी फुटून सुटलेल्यांची ही पिल्लावळ, असं लोक म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे. काही आठवड्यांत त्यांनी पाइनमध्ये काड्यांचा हा एवढा भारा रचला.

"माझ्या अंजिराची सुतळी तोडून नेली चोरट्यांनी!" तेरेझीनामावशी कुंपणावरून ओरडायची.

मम्मा काचेआड हसायची. "बघ गं, नवरा काडी आणतो आणि बायको फेकून देते. बरोबर आहे तिचं. वाकडी होती." ती पुन्हा सूप पिऊ लागली, तेही पोपट दिसतील अशा बाजूला तोंड करून.

जानेवारीत नळ फुटावेत अशी थंडी पडली. "गायतानो, मरतील का रे ती?" मम्माने विचारलं. पोपटांच्या जिवावर हिचा जीव तगलाय, हे पप्पांनाही कळत होतं.

रविवारी चर्चहून आल्या आल्या त्यांनी शिडी काढली. तेरेझीनामावशीचा नवरा व्हितो शिडी धरायला आला. पोपट चरायला गेले होते. तेवढ्यात दोघांनी घरट्याभोवती जुना कोट, त्यावर ताडपत्री, सुतळीचे वेढे, आणि वर पालथी बादली, असा थाट करून टाकला. अंजिराला दार लागत नाही, पाखरांना लागतं, हे त्या दोन शहाण्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. खाली उतरून पप्पा छाती काढून उभे राहिले. "आता येऊ दे कितीही थंडी!"

पोपट परत आले आणि त्यांनी गल्ली डोक्यावर घेतली. घरट्याभोवती फिरले, ताडपत्रीवर चोची आपटल्या, मग कपड्यांच्या दोरीवर ओळीने बसून किंचाळू लागले. वारा सुरीसारखा होता. त्यांची पिसं फुगली होती.

मम्मा आतून काच बडवत होती. "काढ ते! काढ म्हणते ना!"

"होईल सवय!" पप्पा खालून ओरडले. "ऊब लागली की गप्प होतील!"

मागचं दार उघडल्याचं मला ऐकूही आलं नाही. पाहते तो मम्मा सपाता घालून बर्फात उभी. शाली मागे पायरीवर पडलेल्या.

"मी गप्प झाले, तशी?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "गायतानो, मला ऊब नकोय रे. मला श्वास घ्यायचाय."

व्हितोकाका शिडीकडे बघत बसले. पप्पा शिडी चढले, खिशातल्या चाकूने सुतळी कापली. बादली खणखणत खाली आली, मागून ताडपत्री, मागून कोट. ते उतरायच्या आतच पहिला पोपट त्यांच्या कानाजवळून आत घुसला, आणि मग एकेक करून सगळे.

मम्मा मान वर करून बघत होती. गाल लाल झाले होते, तोंडातून वाफ निघत होती. पप्पांनी सवयीने अंगातला कोट काढला, दोन पावलं तिच्याकडे आले आणि थबकले. इतका घाबरलेला माणूस मी जन्मात पाहिला नाही. कोट तसाच हातात धरून त्यांनी हळूच विचारलं, "थंडी वाजतेय का गं?"

"वाजतेय," मम्मा म्हणाली. "किती छान वाजतेय!"