कॉपी झाली असेल तरच

त्याची बायको जाऊन दोन महिने झाले, तरी तिच्या कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता. त्यात तिचा आवाज होता. अंध बायकांच्या वसतिगृहासाठी ती पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. शेवटच्या पुस्तकाची तीन प्रकरणं राहिली होती आणि तिथल्या एक आजी दर आठवड्याला फोन करायच्या, "विहिरीत काय सापडलं हो पुढं?"

उरलेलं आपणच वाचायचं, असं त्यानं ठरवलं. पण कॉम्प्युटर गच्च भरलेला. तिची रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर न्यायची, मग इथली पुसायची, तेव्हा जागा होणार. त्यासाठी तिची दोन ओळींची स्क्रिप्ट होती, कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची. पहिली ओळ कॉपी करायची, दुसरी पुसायची. डिस्कची वायर घट्ट बसली आहे ना, हे स्क्रिप्ट चालवण्याआधी ती स्वतः दाबून बघायची.

"हातानंच करा ना, दाजी," मेहुणी म्हणाली. ती शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. "या वयात कशाला डोकेफोड?"

"माझ्या हाताचा भरवसा नाही. मागच्या आठवड्यात दोनदा गॅस चालूच राहिला."

मेहुणी खुर्ची ओढून बसली. "तर मग स्क्रिप्टमध्येच अट घालायला शिका."

त्याचा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात गेलेला. "दार लागलं असेल तर लिफ्ट हलेल, नाहीतर नाही. एवढंच ना?"

"एवढंच. पण कंसाच्या आत दोन्ही बाजूंना जागा सोडायची, नाहीतर हे रुसतं."

"तुझ्या ताईसारखं."

"ताई कुठं रुसायची? सरळ बोलणं बंद करायची."

चार दिवस तो कळफलकाशी झटत राहिला. पाचव्या दिवशी सकाळी स्क्रिप्ट उभी राहिली: डिस्क जोडलेली असेल तर कॉपी कर आणि पूस, नाहीतर थांब. मेहुणीनं वाचून मान डोलावली. "पास!"

"इतक्यात नाही. लिफ्ट पास करताना आम्ही मुद्दाम बिघाड करून बघायचो."

त्यानं वेगळ्या फोल्डरमध्ये स्वतःच्या आवाजाची दहा रेकॉर्डिंग ठेवली होती, नुसते आकडे म्हटलेली. स्क्रिप्ट आधी त्यांच्यावर चालवली आणि कॉपी अर्ध्यात असताना वायर उपटली. पडद्यावर तक्रारींच्या ओळी धावल्या. वायर परत जोडून बघितलं, तर डिस्कवर चारच आणि कॉम्प्युटरवर एकही नाही.

मेहुणीचा चेहरा उतरला. "मी वाचलं होतं हे. माझ्याही लक्षात आलं नाही."

तिचं एखादं प्रकरण असं गेलं असतं तर? पण तो उठला नाही.

"आपण दार फक्त निघताना बघितलं," तो म्हणाला. "मधल्या मजल्यावर उघडलं तर काय, ते विचारलंच नाही."

दुपारपर्यंत त्यानं नवी अट लिहिली. एकेक रेकॉर्डिंग घ्यायचं. कॉपी झाली, आणि ती मुळाशी तंतोतंत जुळली, तरच मूळ पुसायचं. नाहीतर त्याला हात लावायचा नाही. मग पुन्हा दहा आकडे आणि पुन्हा वायर. तीनदा उपटली. डिस्कवर पोचलं नव्हतं असं एकही पुसलं गेलं नाही.

आता तिची दोनशे अकरा रेकॉर्डिंग.

"मी दाबू का?" मेहुणीनं हळूच विचारलं.

"नको. तू फक्त बस."

त्यानं बटण दाबलं. नावं एकेक करून वर सरकत गेली. एकशे साठाव्याला स्क्रिप्टनं कळवलं, जुळत नाही, आणि ते तसंच ठेवून पुढं गेली. शेवटी तेवढ्यासाठी त्यानं ती पुन्हा चालवली. या खेपेला जुळलं.

मेहुणीनं पंखा बंद केला, खिडकी लावली. त्यानं पुस्तक उघडलं, माइक जवळ ओढला.

"प्रकरण एकतिसावं," तो म्हणाला आणि पहिलं वाक्य अर्ध्यावरच सोडलं. रेकॉर्डिंग थांबवून तो पाणी प्यायला आणि प्रकरण पुन्हा सुरुवातीपासून वाचू लागला.