संध्याकाळची गोळी

“हसून काय राह्यले एवढे?” शकुबाईनं पाण्याचा गडवा खाटेखाली आदळला.

देवराव हसतच राहिला. कर्करोग पाठीच्या मणक्यांत उतरल्यापासून तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असे. संध्याकाळी मात्र शेजारची विधवा मनकर्णा येई, आपल्या परसातल्या गांजाची चिलीम भरून त्याच्या ओठांना लावी, आणि तो कुशीवर वळून गप्पा मारी. दोघं याच गावात वाढलेले. मनकर्णा त्याला अजून ‘देव्या’ म्हणे. शकुबाईनं लग्नापासून त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं.

“तेंदूपत्ता तोडाले गेलो होतो लहानपनी,” मनकर्णा म्हणाली. “अस्वल दिसलं त हा झाडावर चढला, न मले खालीच ठेवलं.”

“माहीत हाये मले,” शकुबाई म्हणाली. तिला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात अहेरीहून नूतन नर्स गोळ्या घेऊन आली. शकुबाईनं तिला आधी परसात नेऊन कुंपणापलीकडचं झाड दाखवलं.

“गांजा हाये न थो, सिस्टर? पोलीस धरते न?”

“धरते. झाड लावनंच गुन्हा हाये.” नूतननं आवाज खाली केला. “मी कोनाले सांगनार नाई. पन या गोळीसंगं थे नका देऊ.”

“ही गोळी कायची?”

“मॉर्फिन. अफूपासून बनते.”

“मंग अफूले नाई धरत?”

“डॉक्टरनं लिहून देल्लं का नाई धरत.”

घरात आल्यावर नूतननं समजावलं, “गोळ्या कुलपात ठेवा. सकाळी एक, दिवा लावाच्या टायमाले एक. देनारं मानूस एकच पाह्यजे. कोन देईल?”

“मनकर्णाले सांगा,” देवराव खाटेवरून म्हणाला. “तिले समजते.”

“घर माहं हाये,” शकुबाई म्हणाली आणि हात पुढे केला.

पोलिसांचं तिनं मनकर्णाला ऐकवलं. मनकर्णानं तिच्यासमोरच झाड उपटलं. “देव्याले गोळीनं आराम पडते न? मंग कायले पाह्यजे हे.” तिनं भांडण केलं असतं तर शकुबाईला बरं वाटलं असतं.

गोळीनं दुखणं खरोखर उतरलं. देवराव उठून बसून जेवू लागला. पण मनकर्णा रिकाम्या हातानंही रोज येत राहिली, आणि तो हसत राहिला.

मग शकुबाई संध्याकाळची गोळी दुपारी ऊन असतानाच देऊ लागली. गोळी पोटात गेली की त्याला गुंगी येई.

“झोपला का देव्या?” मनकर्णा दारातून विचारी.

“झोपले.”

ती परत जाई. शकुबाई दार लोटून त्याच्या उशाशी बसे.

एके दुपारी त्यानं तोंड उघडलं नाही.

“काऊन?”

“मनकर्णा येऊन जाऊ दे. मंग दे.”

“तवरक दुखन.”

“दुखू दे. तू लवकर देऊन राह्यली, मले समजते.”

तो रागावला नव्हता. ऊन अंगणातून सरकू लागलं तसा त्याच्या कपाळावर घाम आला. खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक त्यानं दातांत धरलं, खाटेची कड घट्ट पकडली. नजर फाटकावर होती. शकुबाईकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही. आपल्यासाठी त्यानं असं काही सोसल्याचं तिला आठवेना.

ती उठली. कुंपणापलीकडे मनकर्णा तांदूळ पाखडत होती.

“ये वं लवकर,” शकुबाई म्हणाली. “वाट पाहून राह्यले थे.”

मनकर्णा सूप ठेवून हात पुसत निघाली. शकुबाई तिथंच कुंपण धरून उभी राहिली. घरातून त्याचं हसू ऐकू आलं. मध्येच कळ आल्यासारखं तुटलं, मग पुन्हा आलं.

मुठीतली गोळी घामानं ओली झाली होती. तिनं ती पदराला पुसली.