ओळ दे, सिस्टर

कोल्स फेरी गावाच्या मतदारसंघांचा नवा नकाशा चर्चच्या तळघरात, जेवणाच्या लांब टेबलावर पसरला, तेव्हा प्रत्येकाने आधी आपापलं घर शोधलं. व्हर्नेल टॉलिव्हरने कबरस्तान शोधलं. आईवडील, नवरा, धाकटी बहीण, तिची सगळी माणसं तिथेच होती, चर्चच्या मागच्या भिंतीला लागून. जांभळी रेघ नेमकी त्या भिंतीवरून गेली होती.

"म्हणजे चर्च एका मतदारसंघात आणि कबरस्तान दुसऱ्यात?"

"हो, आत्या," रोशेल म्हणाली. ती व्हर्नेलच्या भावाची मुलगी, राज्याच्या राजधानीत वकिली करायची. "आणि रुळांपलीकडची घरं तिसऱ्यात. गावाचे तीन तुकडे. प्रत्येक तुकडा लांबच्या कुठल्यातरी मोठ्या उपनगराला जोडलाय. आपली मतं तिन्हीकडे बुडून जाणार."

"बरंच झालं," डीकन लूशस ब्रॉडनॅक्स धापा टाकत म्हणाले. "जिवंतपणी एका खासदाराला शिव्या द्यायच्या, मेल्यावर दुसऱ्याला."

सगळे हसले, पण कोणी नकाशावरून नजर काढली नाही.

डीकन म्हणजे पाद्र्याच्या हाताखाली चर्चचं काम बघणारा वडीलधारा माणूस, आणि लूशस गावातले सगळ्यात जुने डीकन. कागदाच्या गिरणीने त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. नाकात नळी आणि मागे चाकांवरची ऑक्सिजनची टाकी घेऊन ते हिंडत. एके काळी त्यांचा आवाज नदीपार जायचा. फार पूर्वी अख्ख्या चर्चमध्ये स्तोत्रांचं पुस्तक एकच असे आणि वाचता येणारं माणूसही एखादंच. ते माणूस उभं राहून झरझर एक ओळ म्हणायचं, आणि मग सगळं चर्च ती उचलून घोळवत, लांबवत गायचं. याला ओळ देणं म्हणत. पुढे पुस्तकं आली, सगळे वाचायला शिकले, तरी ओळ देणं सुटलं नाही. लूशस यांनी चाळीस वर्षं ओळ दिली. अलीकडे त्यांना दम पुरेना, तेव्हापासून ते बंद पडलं होतं आणि लोक पियानोबरोबर पाट्या टाकल्यासारखे गात होते.

व्हर्नेलला सगळी स्तोत्रं पाठ होती. तिने एकदा विचारूनही पाहिलं होतं.

"बायका ओळ देत नाहीत, सिस्टर," लूशस म्हणाले होते. चर्चमधल्या बायकांना सगळे सिस्टरच म्हणत. "माझ्या बापाने दिली, त्याच्या बापाने दिली."

"आणि त्यांच्या बायकांनी काय दिलं?"

"जेवण. तू कोंबडी फार छान तळतेस."

त्यानंतर कितीतरी रविवार व्हर्नेलने त्यांच्या ताटात कोंबडी वाढली नव्हती. नुसता भात आणि घेवडा.

"सोमवारी राजधानीत सुनावणी आहे," रोशेल सांगत होती. "खोटी आशा लावत नाही. नकाशा ते मंजूर करणारच. पण मग आपण कोर्टात जाऊ. तिथे न्यायाधीश विचारतील, हे गाव एक आहे आणि एकच राहायला हवं, हे तुम्ही तेव्हा सांगितलं होतंत का? त्या खोलीत माइकवर जे बोललं गेलं आणि नोंदलं गेलं, तेच आपल्या हातात राहील. घरी आल्यावर आठवलेलं उपयोगाचं नाही."

"बोलायला वेळ किती?"

"माणशी दोन मिनिटं."

"दोन मिनिटांत आपल्या पाद्रीसाहेबांचा घसासुद्धा खाकरून होत नाही," मागून कोणीतरी म्हणालं. ती ओटा पिकेन्स होती, केस विंचरून देण्याचं दुकान चालवणारी. तिच्या तोंडाला लागायची कोणाची छाती नव्हती.

बसभर माणसांनी नावं नोंदवली. पण सांगणार व्हर्नेलच, हे न ठरवताच ठरलं. ज्यांना सगळं आठवत होतं, त्यातले बाकीचे भिंतीपलीकडे होते.

ती घरी येऊन स्वयंपाकघरात घड्याळासमोर उभी राहिली आणि बोलून पाहू लागली. कुठून सुरुवात करायची? वडलांपासूनच. एझ्रा टॉलिव्हर लाकडाच्या वखारीत कामाला होते. मतदार म्हणून नाव घालायला ते तालुक्याच्या कचेरीत गेले तेव्हा व्हर्नेल त्यांचं बोट धरून होती. कारकुनाने त्यांना राज्यघटनेतला एक उतारा पाठ म्हणायला सांगितला. वडलांनी म्हटला. कारकून पुस्तक न उघडताच म्हणाला, "चुकलं." दुसऱ्या दिवशी वखारीतली नोकरी गेली.

मग कायदा झाला, काळ्या माणसांना मत मिळालं. पण तोवर रेघ अशी ओढलेली होती की गाव डोंगरापर्यंत लांबलेल्या एका पट्ट्याचं शेपूट झालं होतं. खासदार डोंगराकडचा. तो गावात एकदाच आला आणि त्याची गाडी नदीवरच्या नावेच्या धक्क्याजवळ चिखलात रुतली. व्हर्नेलच्या चुलतभावांनी कंबरभर चिखलात उतरून ती ढकलली. गाडी निघाली, आणि साहेबांनी खिडकीची काचसुद्धा खाली केली नाही.

दर दहा वर्षांनी जनगणना झाली की रेघ हलायची. एकदा नदीवर आली, एकदा रुळांवर. गावातल्या बायका हसून एकमेकींना विचारायच्या, "या वेळी आपण कुठे राहतो गं?" कारण घर तेच, अंगण तेच, बदलायचं ते दुसरंच काहीतरी. शेवटी एका खेपेला, कोर्टाच्या हुकमाने, नदीकाठची सगळी गावं एका मतदारसंघात आली आणि क्लिफर्ड मेबँक निवडून आले. काळे, आणि नदीकाठचेच. त्यांनी जोड्यांच्या बंद दुकानात कचेरी उघडली. शनिवारी पायरीवर बसून ते तळलेला मासा खायचे आणि येईल त्याचं ऐकायचे. तोवर गावाच्या खालच्या बाजूला नळाला पिवळं, वास मारणारं पाणी यायचं. व्हर्नेलने एक बाटली भरून त्यांच्यापुढे ठेवली होती. त्यांनी झाकण काढून वास घेतला, हातातला मासा बाजूला ठेवला, आणि ती बाटली सरळ वॉशिंग्टनला नेली. पाइपलाइन यायला चार वर्षं लागली, पण आली.

दोन मिनिटं झाली तेव्हा ती जेमतेम चिखलापर्यंत पोचली होती.

"आत्या, थोडं गाळ," फोनवर रोशेल म्हणाली.

"काय गाळू? तुझ्या आजोबांना गाळू की पाणी गाळू?"

"मग भरभर बोल," रोशेल म्हणाली.

सोमवारी उजाडता उजाडता चर्चची बस निघाली. मांडीवर चांदीच्या कागदात गुंडाळलेली कोंबडी, मागच्या बाकावर ओटाचा लोण्याचा केक. डीकन लूशस आपली टाकी घेऊन व्हर्नेलच्या शेजारच्या बाकावर बसले. तिने एक पुडकं त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी उघडून पाहिलं. तंगडी होती.

"माफ केलंस वाटतं?"

"आज तुम्ही उपाशी राहून मेलात तर एक साक्षीदार कमी होईल," व्हर्नेल म्हणाली.

सुनावणीची खोली थंडगार होती. उंच चौथऱ्यावर समितीचे लोक, मधोमध अध्यक्ष. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. खाली एका कोपऱ्यात टंकलेखक बाई कान लावून बसलेली. माइकच्या बाजूला एक लहानसा दिवा होता. तांबडा झाला की माइक बंद.

पहिलं नाव व्हर्नेलचं होतं. ती टोपी नीट करून उभी राहिली. वडलांचं सांगितलं. चिखलातली गाडी सांगितली. "आणि त्यांनी काच खाली केली नाही," असं म्हणेपर्यंत तांबडा दिवा लागला आणि तिचा आवाज तिच्याच तोंडापुढे मरून गेला.

"आभारी आहोत, बाईसाहेब," अध्यक्ष म्हणाले. "फारच हृद्य. पुढचं नाव."

"माझं संपलं नाही."

"वेळ संपला आहे. माइकशिवाय बोललेलं नोंदीत येत नाही. कृपया बसून घ्या."

ती जागेवर आली. पर्स मांडीवर घेऊन बसली. मेबँक राहिले, पाणी राहिलं, कबरस्तान राहिलं. सत्तर वर्षं सांभाळून ठेवलेलं, आणि अर्धंच वाढून झालं होतं. बाकीचे उठून "सिस्टर टॉलिव्हर म्हणाली ते खरं आहे" म्हणतील. पण ती म्हणालीच नव्हती.

"लूशस ब्रॉडनॅक्स," पुकारा झाला.

टाकीची चाकं कुरकुरत डीकन माइकपाशी गेले. दिवा हिरवा झाला. ते काही बोलेनात. खोलीत फक्त त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"महाशय, तुमचा वेळ चालू आहे."

लूशस वळले. समितीकडे पाठ करून त्यांनी बाकांकडे पाहिलं.

"ओळ दे, सिस्टर."

व्हर्नेलला क्षणभर ऐकलेल्यावर विश्वास बसेना. मग ती उठली. पर्स ओटाच्या मांडीवर टाकली. डोळे मिटले आणि जुन्या स्तोत्राच्या चालीत, झरझर, एका दमात म्हणाली:

"मग नदीकाठची गावं एक झाली, आणि आमचा माणूस निवडून आला."

लूशस यांनी माइककडे तोंड केलं आणि ओळ उचलली. आवाज फाटका होता, पण चाल तीच, लांबवलेली, घोळवलेली. सगळी बाकं त्यात मिसळली आणि खोलीच्या काचा घुमल्या.

अध्यक्षांनी हातोडा आपटला. "साक्षीदाराशिवाय कोणी बोलायचं नाही!"

बाकांवरची तोंडं मिटली. मिटल्या तोंडांनीच हुंकार चालू राहिला, खालच्या पट्टीत, गिरणी चालावी तसा.

"हे काय चाललंय?"

"श्वास घेताहेत, सर," ओटा म्हणाली.

"त्या बाईंचा वेळ संपलेला आहे!"

"ती तुमच्याशी बोलत नाही," लूशस म्हणाले. "माझ्याशी बोलतेय. माइकवर मीच आहे. वेळ माझा आहे." आणि व्हर्नेलकडे न बघता, "पुढची."

"आमच्या नळाला पिवळं पाणी यायचं, ते मी बाटलीत भरून नेलं."

त्यांनी ती उचलली. टंकलेखक बाईची बोटं चालू होती. दिवा तांबडा झाला तेव्हा डीकनांचे ओठ निळे पडले होते. दोघांनी धरून त्यांना बाकावर आणलं. तेवढ्यात ओटा माइकपाशी पोचली होती. तिच्या मागे यादीतली बाकीची माणसं आपणहून रांगेत उभी राहिली.

अध्यक्ष पुढे वाकले. "तुम्ही सगळे हेच करणार आहात का?"

"मला दोन मिनिटं दिलीत ना? मी ती गप्प उभी राहून घालवीन, नाहीतर केस विंचरीन. माझीच आहेत. सिस्टर, दे."

अध्यक्षांनी पहारेकऱ्याला खूण केली. धिप्पाड, टक्कल पडलेला माणूस व्हर्नेलजवळ आला. "बाई, बाहेर चला. मला जबरदस्ती करायला लावू नका."

व्हर्नेलने टोपी सरळ केली आणि त्याच्या पुढून ताठ चालत बाहेर गेली. दाराबाहेर संगमरवरी बोळ होता, लांबलचक आणि रिकामा. तिथे ती थांबली आणि मागे वळून म्हणाली:

"चार वर्षांनी स्वच्छ पाणी आलं, कारण आम्ही एक गाव होतो."

बोळाने आवाज दुप्पट केला. आतून ओटाने ओळ उचलली.

"दार लावा!" आतून अध्यक्ष ओरडले.

पहारेकऱ्याने दाराला हात लावला, मग दारावरच्या पाटीकडे पाहिलं. "साहेब, जाहीर सुनावणी आहे. दार उघडं ठेवायचं असा नियम आहे. पाटीवर तुमचीच सही आहे." तो दाराला टेकून उभा राहिला. व्हर्नेलकडे पाहून हलकेच म्हणाला, "माझी आई पाणी विकत आणते अजून."

त्यानंतर तिला आतलं काही दिसलं नाही. फक्त पुकारलेली नावं ऐकू येत होती. प्रत्येक नावानंतर ती एक-दोन ओळी द्यायची, आणि त्या आतून परत यायच्या, कधी बाईच्या आवाजात, कधी पुरुषाच्या, कोणाची चाल चुकलेली, कोणाचा शब्द पुढेमागे झालेला. तिने जोड्यांचं दुकान दिलं, पायरी दिली, मासा दिला. भिंतीपलीकडच्यांची नावं एकेक करून दिली, एझ्रा टॉलिव्हरपासून. राज्यघटनेतला तो उताराही दिला, वडलांनी म्हटला होता तसाच, आणि बसच्या ड्रायव्हरने तो माइकवर एक शब्द न चुकता उचलला. शेवटचं नाव पुकारलं गेलं तेव्हा तिने शेवटची ओळ दिली:

"आमचे मेलेले आमच्यातून काढून नेऊ नका."

ती मात्र सगळ्यांनी मिळून उचलली. हातोड्याचा आवाज त्यात बुडून गेला.

रोशेल धावत बाहेर आली. डोळ्यांतलं काजळ गालावर. "सगळं आलं, आत्या. शब्दन् शब्द. टंकलेखक बाईंनी मला स्पेलिंग विचारलं, एझ्राचं."

नकाशा पुढच्या आठवड्यात मंजूर झाला, एक रेघही न हलता. त्याच दुपारी रोशेलने कोर्टात दावा लावला, आणि त्याच्या पहिल्या पानावर पिवळं पाणी आहे.

पण तो सोमवार अजून संपला नव्हता. परतीच्या बसमध्ये केक वाटला जात होता. डीकन लूशस डोळे मिटून पडले होते. झोपले असतील म्हणून व्हर्नेलने त्यांच्या गुडघ्यांवर शाल टाकली.

"वरच्या पट्टीत धरलीस," ते डोळे न उघडता म्हणाले.

"काय?"

"ओळ. फार वर धरलीस. माणसांना पोचायला त्रास होतो. पुढच्या वेळी खाली धर."

"पुढच्या वेळी?"

"रविवारी. आणि दहा वर्षांनी. ते रेघ परत हलवणार की."

"दहा वर्षांनी मी अठ्ठ्याऐंशीची असेन, डीकन."

"मग गळा जप," लूशस म्हणाले, आणि केकसाठी हात पुढे केला.