लाल फुलीचा पाइन

मित्रांनो, मी एक जुना पाइन वृक्ष आहे. रोपवाटिकेतून या उतारावर आलो तेव्हा जेमतेम वीतभर होतो. मी मोठा झाल्यावर इथला वनरक्षक दर वाढदिवसाला आपल्या लेकीला माझ्या बुंध्याशी उभं करून तिची उंची मोजायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "हा आमचा खांब!" मीही तेवढ्यानं फुगायचो, खोटं कशाला बोलू?

मग मातीत बुरशी शिरली. मुळामुळांतून सरकत ती एकेक झाड आतून कुजवत निघाली. माझ्या मुळाला भिडली आणि माझी झोपच उडाली. आमच्या पेशीपेशीत जनुकं असतात, म्हणजे कधी काय करायचं याच्या जन्मजात सूचना. त्यांतली संरक्षणाची जनुकं खडबडून जागी झाली. बुरशीला मारक रसायनं तयार झाली, राळ पाझरू लागली. बुंध्यावर ओघळ आले.

नेमकं तेच माझ्या जिवावर बेतलं. रोगट झाडांवर लाल फुली मारायचं काम वनरक्षकाकडे होतं. ओघळ पाहून तो हळहळला, "गेला रे बिचारा!" आणि मारली फुली. शेजारचा कोरडा, गुळगुळीत पाइन मात्र सुटला. सोमवारी करवत येणार होती. मला ना पळता येत होतं, ना ओरडता. फार भ्यायलो मी.

रविवारी लेक घरी आली. ती आता झाडांच्या रोगांचा अभ्यास करते.

"बाबा, आपल्या खांबाला फुली?"

"अगं, गळतोय बघ किती! मुळं कुजली त्याची."

"उकरून पाहिलीत?"

तिनं स्वतःच कुदळ घेतली. माझ्या मुळात बुरशी बोटभर शिरून अडली होती, पुढचं लाकूड ठणठणीत. शेजाऱ्याचं मूळ मात्र हातात भुगा होऊन आलं.

"बाबा, हा मरत नाहीये, भांडतोय!"

मुळाचे तुकडे प्रयोगशाळेत गेले, करवत थांबली. आठवड्यानं अहवाल आला: माझी संरक्षणाची जनुकं जोरात कामाला लागलेली होती. हुश्श! सुटलो एकदाचा.

वनरक्षक तारेचा ब्रश घेऊन आला. घासता घासता पुटपुटला, "चुकलंच रे माझं." रंग पुरता निघाला नाही. असू दे.

मित्रांनो, कुणी गळताना दिसलं की लगेच फुली मारू नका, आधी मुळाशी जाऊन बघा. वनरक्षक आता कुदळीशिवाय फिरत नाही. परवा त्यानं नातीला माझ्या बुंध्याशी उभं केलं. तिचं डोकं अजून त्या पुसट फुलीपर्यंत पोचत नाही. पोचेल, मी आहे ना इथेच.