कोणत्या सालचा अली?

"कोणत्या सालचा अली?" नामाजीनं विचारलं.

हॉटेलात बसलेले एकदम हसले. जत्रा कमिटीचा अध्यक्ष सोमेश्वर, त्याच्या तोंडातला चहा पांढऱ्या शर्टावर आला.

"साल कशाला पायजे? बॉक्सिंगमधी अली एक नंबर, टायसनबी एक नंबर. जमाना येगळा, म्हणून कदी गाठ पडली न्हाई. पडली असती तर कोण पडला असता, एवढंच सांग."

"कोण पडंल ते मी कदी सांगतच न्हाई, सोमेश्वरराव. जोड बराबर हाये का, तेवढं सांगतो."

ते खरंच होतं. पुसेगावच्या पलीकडं असलेल्या या गावात जत्रेच्या कुस्त्या होतात, आणि कुणाशी कोण लढणार हे चाळीस वर्षं नामाजी ठरवत आला. एरवी तो मेंढरं वळतो. जत्रेच्या दिवशी पैलवानांची रांग लागते, नामाजी प्रत्येकाची मान चाचपतो, चालायला लावतो, घरी कोण आजारी आहे का विचारतो आणि दोघांचे हात एकमेकांत देतो. त्यानं लावलेली कुस्ती दोन मिनिटांत कधी संपली नाही.

या वर्षी सोमेश्वरनं मोंढ्यातल्या एका आडत्याकडून हळदीची पोती मोजायचा इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणला. वजनाला वजन लावायचं, म्हातारा कशाला? कमिटीत अकरा माणसं. एकानंही जन्मात लंगोट लावलेला नाही. लंगोट लावणारे कमिटीत नसतात, आणि कमिटीतले फक्त हार घालून घेतात, असा आपल्याकडचा कायदा आहे. पण म्हाताऱ्याला सरळ 'जा' म्हणायला अकराही जण भीत होते. म्हणून सोमेश्वरनं ही टूम काढली. जत्रेआधी अली-टायसनची जोड बराबर लाव, मग काटा परत. नाही जमलं, तर काटा राहिला.

"टायसन एका मिन्टात झोपवतो," सोमेश्वरचा पुतण्या प्रभू म्हणाला. गावचा पैलवान तो. चौकातल्या फ्लेक्सवर त्याचा फोटो होता, आणि त्याच्या तिप्पट मोठा सोमेश्वरचा.

"आठ दिवस द्या," नामाजी म्हणाला. "मी माणसं पाह्यल्याबगर जोड लावत न्हाई."

आठ दिवस नामाजी दुपारची मेंढरं झाडाखाली बसवून सुनेच्या मोबाइलवर बॉक्सिंग बघत बसला. सून साधना फोन लावून द्यायची. नामाजी आवाज बंद करायला लावायचा आणि पडद्याचा वरचा अर्धा भाग तळहातानं झाकायचा.

"अवं, दोन माणसं एकमेकाचं थोबाड फोडून राहिले," बायको सिंधूबाई म्हणाली, "आन तुमी पाय काहून पाहून राहिले?"

"थोबाड खोटं बोलतंय. पाय न्हाई बोलत."

"मग आपल्या लग्नात माजे पाय पाह्यले व्हते का?"

"तुजे पाह्यले. म्हणून तर तुज्याशी कदी लढलो न्हाई."

साधना तोंडाला पदर लावून हसली. चौथ्या दिवशी तिनं माहिती वाचून दाखवली. अली सहा फूट तीन इंच, टायसन पाच फूट दहा. टायसन विसाव्या वर्षीच जगात पहिला. अली पंचवीस वर्षांचा असताना सरकारनं लढाईवर जा म्हटलं, त्यानं नाही म्हटलं, म्हणून त्याचं खेळणं बंद केलं.

"किती दिस?"

"साडेतीन वर्षं, मामा. परत आला तवा अठ्ठावीसचा व्हता."

"त्या साडेतीन सालातलं काई हाये का फोनमधी?"

"खेळलाच न्हाई तर कसं राहील?"

नामाजीनं फोन परत दिला. "आधीचा अली वाऱ्यावानी पळतोय," तो म्हणाला. "नंतरचा मार खाऊन जिकतोय. पाय गेले त्याचे. मधला अली सगळ्यात तगडा आसंल, आन त्यो कुणीच पाह्यला न्हाई."

सिंधूबाईनं तोंड फिरवलं. तिला ठाऊक होतं. लग्न झालं त्या साली नामाजी चार तालुक्यांत न पडलेला पैलवान होता. मग थोरल्या भावाचा पाय मोडला आणि मेंढरं घेऊन वाशिम-यवतमाळकडं नामाजीला जावं लागलं. तीन वर्षं जत्रेच्या दिवशी तो शंभर कोसांवर कुणाच्या तरी शेतात खतासाठी मेंढरं बसवत होता. परतला तेव्हा पहिल्याच कुस्तीत पाठीला माती लागली. त्यानंतर तो फक्त जोड लावू लागला.

"तुमाला पैलवानानं न्हाई पाडलं," ती म्हणाली. "मेंढरायनं पाडलं."

"बराबर," नामाजी म्हणाला.

नवव्या दिवशी हॉटेल भरलं होतं.

"जोड लागत न्हाई," नामाजीनं सांगितलं. "विशीतला टायसन आना. त्याच्या म्होरं घरी बसवलेला अली आना, सव्वीस-सत्ताविसातला. मग हात धरून देतो. बाकीचा अली देनं म्हंजे टायसनला फसवनं, न्हाईतर अलीला."

"जो खेळलाच न्हाई त्यो कुठून आनू?" सोमेश्वर म्हणाला.

"मग जाऊ द्या."

हॉटेल हसलं. माणसानं खरं सांगितलं की हॉटेल हसतंच. काटा राहिला. नामाजीकडं एकच काम उरलं. जोडीतल्या दोघांचे हात धरून आखाड्याला फेरी मारायची. तेही एवढ्यासाठी, की कडक इस्त्रीचे कपडे मातीत न्यायला कमिटीतला कुणी तयार नव्हता.

जत्रेच्या दिवशी पैलवान उघड्या अंगानं काट्यावर चढू लागले. काट्याला चिकटलेली हळद तळव्यांना लागली आणि नवरदेवासारख्या पिवळ्या पायांनी सगळे आखाड्यात उतरले. पहिल्या सात कुस्त्या काट्यानं लावल्या. पाच एका मिनिटाच्या आत संपल्या. एकीत जुना पैलवान आणि तेवढ्याच वजनाचा मिठाईवाला होता. मिठाईवाला स्वतःच झोपला.

शेवटची मोठी कुस्ती, प्रभू आणि वसमतचा भीमराज. दोघं बरोबर एक्क्याऐंशी किलो. सोमेश्वरनं ते माइकवर तीनदा सांगितलं.

नामाजीनं दोघांचे हात धरले आणि फेरी सुरू केली. दहा पावलांतच त्याला कळलं. प्रत्येक डाव्या पावलाला प्रभूचा भार त्याच्या हातावर येत होता.

"गुडघा?" नामाजीनं ओठ न हलवता विचारलं.

"वारंगा फाट्यावर गाडी घसरली, मामा. पंधरा दिस झाले."

"काकाला सांगितलं न्हाईस?"

"फ्लेक्स लागला व्हता."

भीमराजची मांडी खांबासारखी होती. पहिल्याच झटक्याला तो गुडघा कायमचा गेला असता. पण पैलवानानं आखाड्यातून मागं फिरायचं नसतं, गाव त्याला आयुष्यभर पळपुटा म्हणून हाक मारतं. कुस्ती मोडायची वाट एकच. फेरी पुरी व्हायच्या आत हात धरून नेणारा मातीत बसला, तर कुस्ती होत नाही आणि दोष त्या बसणाऱ्याचा. चाळीस वर्षांत नामाजी कधी बसला नव्हता. त्याचा आजाही जोड लावायचा, तो बसला होता एकदा, ते गाव अजून सांगतं.

प्रभूनं त्याचा हात घट्ट धरला होता. विशी पार केलेला, अजून पंचविशी न गाठलेला हात.

नामाजी खाली बसला.

आधी कुणाला कळेना. मग शिट्ट्या सुरू झाल्या. कुणीतरी चप्पल भिरकावली.

"काय झालं, नामाजी?" सोमेश्वर माइकवर ओरडला. "काटा बराबर हाये."

"काटा बराबर हाये," नामाजी म्हणाला. "मलाच चक्कर आली. म्हातारा झालो."

"म्हणून तर काटा आणला," सोमेश्वर माइकवर म्हणाला, आणि सगळी जत्रा हसली. भीमराजही हसला.

प्रभू वाकला. नामाजीच्या काखेत हात घालून त्यानं त्याला उठवलं आणि त्याच्या खांद्यावर आपला सगळा भार टाकला. तसेच दोघं एक एक पाऊल टाकत निघाले. भोवतीच्या बायामाणसांनी वाट दिली. एवढा मोठा पैलवान, पण म्हाताऱ्याला किती जपून नेतोय, असं गर्दीतली मिराबाई शेजारणीला म्हणाली.